वाटीच मांडली नाही

माझी आई नवऱ्याच्या आधी जेवत नाही. मी कोण हे आता तिला आठवत नाही, आपण लखनौला आहोत हे ठाऊक नाही, सकाळ आहे की दुपार तेही कळत नाही. पण ताट पुढे आलं की ती ओठ घट्ट मिटून घेते आणि विचारते, "यांचं झालं?" बाबा समोर बसून दोन घास खाताना दिसले की मग ती तोंड उघडते. नाही तर नाही.

या सवयीचा मला जन्मभर राग आला. बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो तेव्हा बाबा ड्यूटीवरून दुपारी कधीही उगवायचे, आणि ही बाई तोवर ओट्याशी उपाशी. शाळेतून आले की मी भांडायचे, "अगं, खाऊन घे ना! त्यांना काय कळणार आहे?" ती म्हणायची, "मला कळतं ना." झालं, विषय संपला. आता सगळं पुसलं गेलंय, माझं नावसुद्धा, आणि हे तेवढं शाबूत. ठेवायचंच होतं तर दुसरं काही सुचलं नाही का देवाला, असं मी अजूनही चिडून म्हणते.

लखनौला आम्ही आलो ते नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे. पुढे तो गोरखपूरला गेला, माझी नोकरी इथली, म्हणून मी इंदिरा नगरच्या घरातच राहिले आणि आईबाबांना बोलावून घेतलं. आई दोनदा दार उघडून निघून गेली. दुसऱ्यांदा रस्त्यात पडली, खुबा मोडला. त्यानंतर तिला उचलणं-बसवणं बाबांच्या आणि माझ्या आवाक्यात राहिलं नाही. मग आम्ही तिला सरोजिनी नगरला, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका ठिकाणी ठेवलं. वृद्धाश्रम हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. आम्ही 'सेंटर' म्हणतो. सेंटर स्वच्छ आहे, तिथली सिस्टर मायाळू आहे. फक्त आई तिच्या हातून जेवत नव्हती.

म्हणून बाबा रोज जायचे. बाबांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. तुमच्याकडे बघायचं तर ते मान वळवून तुमच्या खांद्यापलीकडे बघतात, आणि नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा भाव खातोय. तरी त्यांनी रस्ता बरोबर बसवला होता. इंदिरा नगरहून मेट्रो. स्टेशनांची नावं पुकारतात, त्यामुळे चिंता नाही. ट्रान्सपोर्ट नगरला उतरलं की जिन्याखालीच छोटी बस, आणि ती थेट सेंटरच्या फाटकाशी थांबायची. बस गोल फिरून परत येते, त्यामुळे येतानाही तिथूनच चढायचं. कानपूर रोड ओलांडायला नको, कुणाला विचारायला नको.

या बस बॅटरीवरच्या. बाबांची तेवढी एक तक्रार होती. "आवाजच करत नाही गं ही गाडी. डिझेलचं इंजिन कसं, येतोय म्हणून सांगतं. ही मेली गुपचूप येऊन उभी राहते." पण कंडक्टर भैया त्यांना ओळखायचा. "आइए दादाजी" म्हणून हाक द्यायचा, दंड धरून चढवायचा, त्यांचा ज्येष्ठांचा पास स्वतःच मशीनला लावायचा. बाराच्या आत बाबा आईसमोर. दोन घास ते, मग ती. जेवण झालं की तिला झोप लागायची आणि बाबा परत निघायचे.

आणि त्या बस चालवणाऱ्या खासगी कंपनीतच मी नोकरी करते. बस नाही चालवत हो, आकडे चालवते. प्रत्येक तिकीट म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ. कुठली बस, कुठल्या थांब्यावर चढला, भाडं किती. पासवाल्यांचंही तिकीट निघतं, भाडं शून्य. अशा ओळींचा रोज ढीग येतो आणि त्या ढिगाला प्रश्न विचारायचे हे माझं काम. प्रश्न विचारायच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात, प्रश्नाला क्वेरी. बाबा कंडक्टरला सांगायचे, "मेरी बेटी आपके टिकट गिनती है." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा वरून फर्मान आलं. ज्या थांब्यांवर फारच कमी लोक चढतात ते बंद करायचे, म्हणजे बस वेळेवर धावतील. यात वावगं काही नव्हतं. मी क्वेरी लिहिली. तिकिटांचे थांब्याप्रमाणे गट केले, प्रत्येक गटाची बेरीज काढली आणि शेवटी हॅविंग लावून अट घातली की ज्या गटाची बेरीज मर्यादेखाली आहे तेवढेच दाखव. सेंटरचा थांबा त्यात आला नाही. तिथून चढणारे पुष्कळ होते. मी सगळ्यात आधी तोच बघितला, का नाही बघणार?

माझी क्वेरी मुख्य ऑफिसला गेली. ते दुसऱ्या शहरात आहे. तिथून पक्की यादी झाली आणि बंद होणाऱ्या थांब्यांवर नोटिसा चिकटल्या, हरकत असेल तर अमुक मुदतीत कळवा. सेंटरच्या थांब्यावर नोटीस नव्हती. मी निर्धास्त.

नवं वेळापत्रक लागू झालं त्या संध्याकाळी मी घरी आले तर बाबा सोफ्यावर बसलेले, बूटसुद्धा न काढता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेली.

"गाडी थांबली नाही गं आज," ते म्हणाले.

"काहीतरीच काय बाबा? थांबा बंद नाही झालेला."

"ते मला नको सांगू. फाटकासमोरून सरळ निघून गेली. भैया म्हणाला, दादाजी, नव्या टाइमटेबलात हे नावच नाही. पुढच्या चौराह्यावर उतरवलं. तिथून मागे चालत आलो."

पुढच्या चौराह्यापासून मागे म्हणजे कानपूर रोडच्या कडेने, ट्रकांच्या वाऱ्यात, ज्यांना समोरचं दिसत नाही अशा माणसाने. तरी मी विचारलं ते दुसरंच. "आई जेवली?"

"मी पोचेस्तोवर ताट परत गेलं होतं. मग चहात बिस्कीट बुडवून दिलं. आधी मी खाल्लं, मग तिने."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पक्की यादी उघडली. बंद झालेल्या थांब्यांत सेंटर नाही. नवं वेळापत्रक ज्यावरून बनलं त्या चालू थांब्यांत बघितलं. तिथेही नाही. मला वाटलं माझीच नजर चुकतेय. मग मी मुख्य ऑफिसने वापरलेली क्वेरी मागवली, आणि ती वाचून डोक्याला हात लावला. कंडक्टर लोक सकाळी मशीन नीट चालतंय का बघायला एक कोरं तिकीट काढतात. त्याचं भाडं शून्य असतं. ती कोरी तिकिटं मोजणीत यायला नकोत म्हणून तिथल्या कुणी हुशाराने वरती एक व्हेअर घातला होता, भाडं शून्यापेक्षा जास्त असेल तरच ओळ घ्या. पासवाल्यांचंही भाडं शून्यच असतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. कोण जाणे.

सेंटरच्या थांब्यावर चढायचे ते सगळे पासवालेच. कुणाची बायको आत, कुणाचा नवरा, कुणाची बहीण. तिथल्या आया तिथेच राहतात. बाजूला एका गोदामाची भिंत आणि एक रोपवाटिका. आणि मुलं-मुली रविवारी येतात ती गाडी घेऊन.

त्या रविवारी बाबा मटार सोलत बसले होते. लखनौच्या थंडीत मटार सोलणं हे ज्याच्या त्याच्या घरचं काम असतं, आणि बाबांना त्यासाठी डोळे लागत नाहीत. निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची इकडची आमटी, करायचा होता. त्यांनी विचारलं, "नेमकं झालं तरी काय ते सांग. मीही इंजिनिअर माणूस आहे."

मी समोर चार वाट्या मांडल्या. म्हटलं, "समजा या वाट्या म्हणजे थांबे. दाणे म्हणजे माणसं. हॅविंग म्हणजे सगळे दाणे वाट्यांत भरून झाल्यावर बघायचं, कुठली वाटी फार कमी भरली. ती बाजूला काढायची."

"बरं."

"आणि व्हेअर म्हणजे सोलतानाच किडका दाणा फेकायचा. वाटीत पडायच्या आधीच."

बाबांनी बोटांनी एक दाणा चाचपला. "म्हणजे आम्ही पासवाले किडके."

"बाबा!"

"अगं, गंमत केली. मग माझी वाटी रिकामी राहिली असेल. रिकामी वाटी तर सगळ्यात कमी भरलेली. तिला तुमच्या हॅविंगने बाजूला काढायला पाहिजे होतं. नोटीस लागायला पाहिजे होती."

हीच तर गोम होती. मी एक वाटी उचलून मागे ठेवली. "नाही बाबा. दाणा पडला तरच वाटी मांडली जाते. एकही दाणा नाही, तर वाटीच नाही. हॅविंगला ती दिसतच नाही."

"रिकामीसुद्धा नाही?"

"रिकामीसुद्धा नाही."

त्यांनी मागे ठेवलेली वाटी चाचपून हातात घेतली. मग म्हणाले, "हे वाईट आहे गं. कमी म्हणून काढलं असतं तर भांडता आलं असतं." आणि पुन्हा सोलायला लागले.

मी भांडायला गेले. आमचे साहेब जुन्या लखनौचे, चौक नावाच्या मोहल्ल्यातले. रागावणं त्यांना जमत नाही, आणि 'नाही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मी सगळं मांडलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शिपायाला चहा सांगितला.

"मैडम, आप बिल्कुल सही कह रही हैं," ते म्हणाले. "ये तो ज़्यादती है."

मी म्हटलं, मग हरकत नोंदवून घ्या ना.

"ज़रूर. मगर आपत्ति तो उसी स्टॉप की दर्ज होगी जो बंद हुआ हो. ये तो बंद हुआ ही नहीं."

"पर सर, वहाँ बस रुकती नहीं!"

"जी, क्योंकि वो लिस्ट में नहीं है."

"और लिस्ट में क्यों नहीं है?"

"जी, वही तो आप बता रही हैं." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आप परेशान न हों. देख लेते हैं. कुछ न कुछ हो जाएगा."

या शहरात माणसाला इतक्या अदबीने परत पाठवतात की तो दाराबाहेर येऊन आभार मानतो. मीही मानले. मग जागेवर येऊन हरकतीचा ऑनलाइन अर्ज उघडला. त्यात थांब्याचं नाव स्वतः लिहायची सोय नाही, दिलेल्या नावांतून निवडायचं. सेंटरचं नाव त्यात अर्थातच नव्हतं. मुख्य ऑफिसला मेल लिहिला. उत्तर आलं, तुमची सूचना मोलाची आहे, पुढच्या आढाव्यात विचार करू. आढावा होळीनंतर. माझी आई होळीपर्यंत न जेवता राहणार होती की काय! पण हे मेलमध्ये कसं लिहायचं? माझे वडील त्या बसने जातात असं लिहिलं तर म्हणतील, बाई घरचं काम काढतेय.

मग जे जे सुचलं ते केलं. काही दिवस रजा काढून मीच स्कूटीवरून बाबांना नेलं. रजा संपत आल्या. मेट्रोखालच्या ई-रिक्षा मध्येच चौराह्यावर सोडतात, फाटकापर्यंत यायला तयार नसतात. ऑफिसात बसून मी फोनवरून बाबांसाठी टॅक्सी बोलावली. ड्रायव्हर त्यांना विचारतो, कहाँ खड़े हैं? बाबा म्हणतात, यहीं. नंबर त्यांना वाचता येत नाही. एकदा ते कुणा भल्या कुटुंबाच्या गाडीचं दार उघडून आत जाऊन बसले. ती बाई किंचाळली, लोक जमले. बाबा तिथूनच घरी परतले. "पुन्हा गाडी बोलावू नकोस," ते म्हणाले. "मला चोर समजले ते लोक." रेल्वेत अख्खं आयुष्य इमानाने काढलेला माणूस. मला रडू फुटलं.

व्हिडिओ कॉलही करून पाहिला. बाबा घरी टेबलापाशी बसून वरण-भात खाताहेत आणि तिकडे सिस्टर आईसमोर फोन धरून उभी. आईने फोनकडे पाहिलं, मग फोनच्या मागे वाकून पाहिलं. मागे सिस्टरचा हात. "यांचं झालं?" तिने विचारलं. सिस्टर म्हणाली, "हाँ अम्मा, खा लिया." हिंदी आईच्या डोक्यातून केव्हाच गेलीय. मी इकडून ओरडले, "हो गं, झालं त्यांचं! जेवले!" आई म्हणाली, "मी पाहिलं नाही." आणि तोंड मिटून घेतलं. बाबा घास हातात धरून तसेच बसले होते.

शेवटी मदत केली ती कंडक्टर भैयाने. फाटकासमोर बस जरा हळू व्हायची, तो दार उघडायचा, बाबांना अलगद उतरवायचा. परतीला तसंच चढवायचा, पास मशीनला लावायचा, थांब्याचं नाव मशीनमध्ये होतंच. काही आठवडे असे गेले. आई पुन्हा जेवायला लागली. गालांवर थोडं मांस आलं. मला वाटायचं, होळीपर्यंत एवढं निभावलं की जिंकलो.

पण आमच्या कंपनीत दर सोमवारी एक अहवाल आपोआप निघतो. कुठली बस वेळापत्रकात नसलेल्या जागी किती वेळा थांबली. बसप्रमाणे गट, थांबण्यांची बेरीज, आणि बेरीज मर्यादेच्या वर गेली की नाव बाहेर. पुन्हा हॅविंग. ती क्वेरी बऱ्याच वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, आणि ती अगदी बरोबर आहे, तिच्यात काही खोट नाही. एका सोमवारी त्यात बाबांची बस होती. मी बघितलं तोवर अहवाल वरती पोचला होता. भैयाला दुसऱ्या मार्गावर टाकलं. नवा कंडक्टर बाबांना म्हणाला, "दादाजी, हमारी नौकरी का सवाल है." त्याचं तरी काय चुकलं? मी कुणावर ओरडू? ओरडायला माणूसच सापडत नव्हता, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं.

बाबा पुन्हा कानपूर रोडच्या कडेने चालू लागले. बुटाच्या टोकाने कड चाचपत, फुटपाथ असेल तिथे फुटपाथवरून, नसेल तिथे नालीच्या बाजूने. कधी वेळेत पोचायचे, बहुतेक वेळा नाही. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून खाऊ घालावं लागेल. "नळीला यांचं झालं का विचारायची गरज नाही ना," असं मी बोलून गेले. डॉक्टरांना ते कळलं नाही, बरंच झालं.

होळी झाली. आढावा आला. आणि नवल म्हणजे साहेबांनी शब्द पाळला होता, त्यांनी खरंच वरती सांगितलं होतं. मुख्य ऑफिसने तो व्हेअर काढला. कोऱ्या तिकिटांसाठी वेगळी खूण ठेवली, म्हणजे फक्त तीच गळतील आणि पासवाले राहतील. सुधारलेली क्वेरी, नवं वेळापत्रक लागल्यापासूनच्या तिकिटांवर, मलाच चालवायला दिली. चालवायच्या आधी मी मनातल्या मनात हात जोडले. असल्या गोष्टीला कुणी हात जोडतं का? मी जोडले.

या वेळी सेंटरच्या थांब्याचं नाव आलं. मर्यादेखालच्या यादीत, खालून दुसरं. पुढे एक बारकासा आकडा.

मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. मी गट मोडून आतल्या ओळी काढल्या. प्रत्येक ओळीत पासचा नंबर होता, आणि प्रत्येक ओळीत एकच नंबर. तो नंबर मला पाठ आहे, पास मीच काढून दिलाय. बाकीचे म्हातारे केव्हाच यायचे बंद झाले होते. बस थांबत नाही म्हटल्यावर कोण येणार? भैयाने चोरून चढवलं तेवढ्या दिवसांची ती तिकिटं होती. तो अख्खा आकडा म्हणजे माझे बाबा. आणि क्वेरी बरोबर होती. यात आता बोट ठेवायला जागा नव्हती. खरोखरच कमी लोक चढत होते.

"चलिए, लिस्ट में तो आ गया," साहेब म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी हरकत नोंदवली, नाव आता निवडता येत होतं. आठवड्याभरात उत्तर आलं, वापर अपुरा असल्याने थांबा कायमचा बंद. ते उत्तर मी वाचलं, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, "वाटी मांडली म्हण की शेवटी."

"बाबा, चेष्टा करू नका हो."

"चेष्टा नाही. बरं झालं, निकाल लागला." मग मान वळवून, माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले, "मी तिथेच राहायला जातो."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही धडधाकट आहात म्हणाले, तुम्हाला काय झालंय तिथे पडायला. लोक मला काय म्हणतील, तेही म्हणाले. मी तुम्हाला जड झाले का, असंही विचारलं, जणू काही मीच त्यांच्या घरी राहत होते. ते ऐकून घेत होते.

"काहून रडतेस गं?" ते म्हणाले. चांगल्या मनात असले की बाबा वऱ्हाडी बोलतात. "तिचं ताट बाराला येतं. त्या वेळेला मी समोर पाहिजे. बस नाही, तर मीच तिथे राहतो. यात रडण्यासारखं काय आहे?"

"आणि मी?"

हे माझ्या तोंडून लहान मुलीसारखं निघालं. बाबांनी उठून खिडकी लावून घेतली. रात्री नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सोय तर चांगली आहे. मी फोन ठेवून दिला.

त्यांचं सामान फार नव्हतं. ट्रान्झिस्टर, दाढीचं, दोन स्वेटर. पास ते माझ्याकडे देऊन गेले. म्हणाले, आता काय करायचाय.

आई आता जेवते. नळी लागली नाही. बाराला दोन ताटं येतात, बाबा खाटेसमोर खुर्चीवर बसून दोन घास खातात, आई त्यांच्याकडे टक लावून बघते आणि मग स्वतःचं तोंड उघडते. सिस्टर म्हणते, अम्मा का वज़न बढ़ गया. मला आनंद होतो, खरंच होतो. घरी आले की मी एकटीच जेवते आणि ताटावर बसल्यावर माझ्या तोंडून कधीतरी निघून जातं, "बाबांचं झालं का?" घरात कुणी नसतं.

रविवारी मी जाते. गेल्या रविवारी ऊन चढलं होतं, स्कूटी दुरुस्तीला होती, मेट्रोने आणि मग बसने आले आणि पुढच्या चौराह्यावरून कानपूर रोडच्या कडेने मागे चालत आले. दोनदा ट्रकने अंगावर धूळ उडवली. बाबा फाटकाच्या आत, गुलमोहराखाली खुर्ची टाकून बसले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांना ओळखू येतो.

"आलीस? बसने आलीस?"

"हो."

"थांबली फाटकाशी?"

"हो बाबा. अगदी समोर थांबली."

त्यांनी मान वळवली आणि माझ्या खांद्यापलीकडे, रस्त्याच्या दिशेने बघत राहिले.

"मला आवाज नाही आला," ते म्हणाले.

पायांवरची धूळ मी साडीच्या टोकाने पुसत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि स्वतःच म्हणाले, "बॅटरीची गाडी ना ती. आवाज कुठून येणार?"